तापून वारंवार बंद पडणारा डेस्कटॉप संगणक : किनारपट्टीवरील घरांसाठी तपासाची पद्धत

आंब्याच्या ऐन हंगामात पेट्यांची बिले करता करता दुपारी दोनच्या सुमारास संगणकाचा पडदा काळा होतो, पंख्याचा आवाज थांबतो, आणि लगेच बटण दाबले तर तो सुरूच होत नाही किंवा सुरू होऊन दोन मिनिटांत पुन्हा बंद पडतो. देवगड तालुक्यात शेजाऱ्यापाजाऱ्यांचे आणि ओळखीच्या दुकानदारांचे संगणक उघडून पाहताना ही तक्रार मी कित्येकदा ऐकली आहे, आणि तिच्यासोबत येणारे 'उन्हाळा आहे, चालायचेच' हे स्पष्टीकरणही तितक्याच वेळा ऐकले आहे. ते मला पटत नाही. उन्हाळा हा मूळ दोष नसतो. पावसाळ्यात आणि थंडीत झाकून गेलेला दोष तो उघडा पाडतो.

याचे कारण साधे आहे. प्रोसेसरमध्ये निर्माण झालेली उष्णता थर्मल पेस्ट या उष्णतावाहक लेपाच्या पातळ थरातून हीटसिंकमध्ये (प्रोसेसरवर बसवलेल्या पात्यांच्या धातूच्या ठोकळ्यात), हीटसिंकच्या पात्यांवरून पंख्याच्या हवेत, त्या हवेबरोबर कॅबिनेटबाहेर आणि शेवटी खोलीत जाते. ही वाट जशी असेल त्यानुसार, ठराविक कामासाठी प्रोसेसर खोलीपेक्षा ठराविक अंशांनी अधिक तापतो, आणि हा फरक ऋतू बदलला तरी जवळपास तितकाच राहतो. पौषात खोली २४ अंश सेल्सिअस असताना प्रोसेसर ८० अंशांवर जात असेल, तर वैशाखात खोली ३५ अंश झाल्यावर तेच काम करताना तो ९१ अंशांच्या आसपास जाणार. म्हणून नुसते 'तापमान किती' असे न विचारता 'खोलीपेक्षा किती जास्त' असे विचारावे. खोलीचे तापमान आपल्या हाती फारसे नसते, पण हा फरक कमी करता येतो, आणि पुढील सर्व खटाटोप त्यासाठीच आहे.

येथे एक गैरसमज दूर करतो. दमट हवेत आपला जीव नकोसा होतो तो घाम वाळत नाही म्हणून. संगणकाला घाम येत नाही, त्यामुळे हवा दमट आहे एवढ्याने हीटसिंक कमी थंड होत नाही. दमटपणाचे नुकसान निराळे आहे. तो धुळीला चिकट करतो आणि मिठाच्या सूक्ष्म कणांच्या साथीने धातू खातो. घाटावरच्या संगणकातली धूळ फुंकर मारली की उडते. आपल्याकडची हीटसिंकच्या पात्यांमध्ये लिंपल्यासारखी बसते.

आधी दोष उष्णतेचाच आहे का, याची खात्री करावी

अचानक बंद पडणाऱ्या प्रत्येक संगणकाला उष्णतेचा विकार नसतो. कमी-जास्त होणारा वीजदाब, थकलेला यूपीएस, खराब झालेला एसएमपीएस (कॅबिनेटमधील सर्व भागांना वीज पुरवणारी पेटी) किंवा सैल झालेली केबल यांचे लक्षण बाहेरून अगदी तसेच दिसते. त्यामुळे स्क्रूड्रायव्हर हाती घेण्यापूर्वी काही गोष्टी आठवून पाहाव्यात. संगणक बंद पडण्याच्या आधी काही मिनिटे संथ झाला होता का, हा सर्वांत उपयोगी प्रश्न आहे. आधुनिक प्रोसेसर मर्यादेपर्यंत तापला की लगेच बंद पडत नाही. तो आधी स्वतःचा वेग उतरवतो आणि तेवढ्याने भागले नाही तरच वीज तोडायला लावतो. माऊस अडखळत होता, बिलाची खिडकी उघडायला वेळ लागत होता, पंखा जोरात घोंघावत होता आणि मग संगणक बंद झाला, असा क्रम असेल तर प्रोसेसरची उष्णता हे कारण बहुधा खरे ठरते. काहीच पूर्वसूचना न देता, पंखा शांत असताना, दिवा विझावा तसा तो बंद पडत असेल तर संशय विजेच्या बाजूला न्यावा.

दुसरा पुरावा विंडोजच्या नोंदवहीत असतो. स्टार्टमध्ये 'इव्हेंट व्ह्यूअर' उघडून 'विंडोज लॉग्ज' आणि त्याखाली 'सिस्टम' येथे जावे व बंद पडण्याच्या वेळेच्या नोंदी पाहाव्यात. तेथे 'कर्नल-पॉवर ४१' अशी नोंद हमखास दिसते आणि अनेक जण तीच कारण मानून बसतात. प्रत्यक्षात ४१ क्रमांकाची नोंद एवढेच सांगते की मागच्या वेळी संगणक रीतसर बंद झाला नव्हता. वीज गेली, कुणी प्लग उपटला किंवा प्रोसेसर तापला, तिन्ही प्रसंगी ती सारखीच उमटते. त्याच स्रोताची ८६ क्रमांकाची नोंद सापडली तर ती मात्र उष्णतेमुळे संगणक बंद केल्याचे स्पष्ट सांगते. १०७४ क्रमांकाची नोंद असेल तर संगणक कुणीतरी किंवा एखाद्या प्रोग्रॅमने रीतसर बंद केलेला असतो; अशा वेळी यूपीएससोबत आलेले सॉफ्टवेअर तपासावे. नोंदींमधील तारखाच चुकीच्या दिसत असतील तर मदरबोर्डवरील (सर्व भाग ज्यावर जोडलेले असतात त्या मुख्य बोर्डावरील) सीआर २०३२ ही नाण्याच्या आकाराची बॅटरी संपली आहे असे समजावे. ती बदलावी, कारण बॅटरी संपल्यावर घड्याळाबरोबर बायोसमधील (विंडोजच्या आधी चालणाऱ्या, मदरबोर्डवरील मूळ प्रोग्रॅममधील) पंख्यांच्या वेगाची जुळणीही पुसली जाऊ शकते.

मोजल्याशिवाय उघडू नये

टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचे तापमान दिसत नाही. त्यासाठी एचडब्ल्यूइन्फो किंवा कोअर टेम्प यांसारखा मोफत प्रोग्रॅम घ्यावा. लिनक्स वापरणाऱ्यांना 'सेन्सर्स' ही आज्ञा पुरते. एचडब्ल्यूइन्फोमध्ये नोंदी सतत फाइलमध्ये लिहीत राहण्याची सोय आहे, ती आवर्जून सुरू करावी. संगणक बंद पडला तरी त्याच्या अखेरच्या क्षणांचे तापमान त्या फाइलमध्ये शिल्लक राहते आणि वादाला जागा उरत नाही. संगणक विंडोज सुरू होईपर्यंतही टिकत नसेल तर सुरू होताना डिलीट किंवा एफ२ ही कळ दाबून बायोसमध्ये जावे. तेथे हार्डवेअर मॉनिटर या नावाच्या पानावर तापमान व पंख्यांचा वेग दिसतो.

खोलीतील साधा तापमापक शेजारी ठेवून प्रथम संगणक पंधरा मिनिटे काहीही काम न देता चालू ठेवावा. ३३ अंशांच्या खोलीत कंपनीकडून आलेल्या साध्या कूलरवर (प्रोसेसरवरील हीटसिंक व पंख्याच्या जोडीवर) ४५ ते ५५ अंश ठीक आहेत. नंतर त्याला पूर्ण काम द्यावे. सेव्हन-झिप या प्रोग्रॅमच्या टूल्समधील बेंचमार्क (प्रोसेसरला पूर्ण राबवणारी चाचणी) त्यासाठी पुरेसा आहे. पूर्ण कामात ७५ ते ८५ अंश चालतील. इंटेलच्या गेल्या काही वर्षांतील बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरांची मर्यादा १०० अंशांच्या आसपास असते, एएमडीच्या रायझन ७००० मालिकेची ९५. या मालिकेतील 'एक्स' अक्षराचे मोठे प्रोसेसर पूर्ण कामात ९५ अंशांपर्यंत जाण्यासाठीच बेतलेले आहेत, त्यामुळे तो आकडा पाहून घाबरू नये. आपल्या प्रोसेसरची मर्यादा उत्पादकाच्या संकेतस्थळावर पाहून घ्यावी.

मी ज्याला सर्वाधिक महत्त्व देतो तो भाग यापुढचा आहे. तापमान कितीवर गेले यापेक्षा ते *कसे* वाढले हे पाहावे. बेंचमार्क सुरू करताच दोन-तीन सेकंदांत आकडा ५० वरून ९५ वर उडी मारत असेल, काम थांबवताच तितक्याच झपाट्याने खाली येत असेल, आणि कॅबिनेट उघडे ठेवून हीटसिंकला बोट लावले असता तो कोमटच लागत असेल, तर उष्णता प्रोसेसरमधून हीटसिंकपर्यंत पोहोचतच नाही. पेस्ट वाळलेली आहे किंवा हीटसिंक एका बाजूने उचलला गेला आहे. अशा संगणकाची धूळ कितीही झाडली तरी फरक पडणार नाही. याउलट आकडा दहा-पंधरा मिनिटे सावकाश चढत राहून ९० च्या पुढे जात असेल आणि हीटसिंक चटका देण्याइतका तापला असेल, तर उष्णता हीटसिंकपर्यंत व्यवस्थित येते पण हवा ती पुढे नेत नाही. येथे दोष धुळीचा, पंख्याचा किंवा कॅबिनेटच्या जागेचा असतो.

या निदानाची खातरजमा करण्यासाठी कॅबिनेटची बाजूची पाटी काढून टेबलफॅनचा झोत आत सोडावा आणि तीच चाचणी पुन्हा घ्यावी. तापमान दहा-पंधरा अंशांनी उतरले तर हवेची वाट अडली आहे. जवळपास तेवढेच राहिले तर प्रोसेसर आणि हीटसिंक यांचा संपर्क तुटला आहे. हा टेबलफॅन निदानापुरता ठेवावा. उघडे कॅबिनेट आणि शेजारी पंखा अशीच कायमची व्यवस्था करून टाकणारे अनेक जण पाहिले आहेत, पण आपल्याकडे त्याचा अर्थ खारी हवा आणि लाल माती थेट मदरबोर्डवर सोडणे एवढाच होतो.

कॅबिनेट उघडणे आणि साफ करणे

संगणक बंद करून प्लग भिंतीतून काढावा, मग सुरू करण्याचे बटण काही सेकंद दाबून धरावे, म्हणजे आत उरलेला विद्युतभार निघून जातो. कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून अंगावरची स्थिर वीजही घालवावी. खरे तर विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात हा धोका जितका आहे तितका तो आपल्या दमट हवेत नाही, पण सवय असलेली बरी. एसएमपीएसची पेटी मात्र कोणत्याही परिस्थितीत उघडू नये. तिच्या आतील मोठ्या कपॅसिटरवर (विद्युतभार साठवणाऱ्या भागावर) ३०० व्होल्टहून अधिक दाब असतो आणि प्लग काढल्यानंतरही तो काही काळ राहू शकतो.

साफसफाई अंगणात, सकाळी, समुद्रावरून खारे वारे सुटण्यापूर्वी करावी. हातातला विजेवर चालणारा ब्लोअर आणि एक मऊ रंगकामाचा ब्रश पुरेसा होतो. ब्लोअर मारताना पंख्याचे पाते बोटाने अडवून धरावे, कारण हवेच्या झोताने पंखा त्याच्या मर्यादेबाहेर फिरला तर त्याचे बेअरिंग खराब होते. घरातला व्हॅक्युम क्लीनर आत घालू नये, त्याच्या प्लास्टिकच्या नळीवर स्थिर वीज साठते. पंक्चरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरवर संगणक नेण्याची पद्धत तर पूर्णपणे सोडावी: दमट हवा दाबली की तिच्यातले पाणी टाकीत साचते, आणि ते पाणी व कॉम्प्रेसरचे तेल हवेबरोबर थेट सर्किटवर येते.

एवढे करूनही हीटसिंकच्या पात्यांमधील थर हलत नाही, असा अनुभव किनाऱ्याजवळच्या घरांत हमखास येतो. हा थर निव्वळ धुळीचा नसतो. जांभ्या दगडाची तांबडी भुकटी, पेट्यांमध्ये घालायच्या भाताच्या पेंढ्याचा भुसा, देवघराशेजारी संगणक असेल तर उदबत्तीची काजळी, स्वयंपाकघर जवळ असेल तर फोडणीचा धूर, आणि या सर्वांना बांधून ठेवणारा मिठाचा ओलावा यांचे ते मिश्रण असते. अशा वेळी हीटसिंक मदरबोर्डवरून काढावा, त्याचा पंखा वेगळा करावा आणि केवळ धातूचा भाग भांड्यांच्या साबणाने व मऊ ब्रशने धुवावा. धुण्यासाठी गोडे पाणी घ्यावे. किनाऱ्यालगतच्या कित्येक विहिरींचे पाणी उन्हाळ्यात मचूळ होते आणि त्या पाण्याने धुतलेल्या पात्यांवर पुन्हा मीठच बसते. धुतलेला हीटसिंक एक पूर्ण दिवस उन्हात वाळवावा. अॅल्युमिनियमच्या पात्यांवर पांढरी पूड किंवा तांब्याच्या भागावर हिरवट डाग दिसत असतील तर ते गंजणे होय. थोडे असेल तर ब्रशने निघते, पण पाती हाताने तुटू लागली असतील तर हीटसिंक बदलण्यावाचून पर्याय नाही.

कॅबिनेटच्या जाळ्या आणि मागची छिद्रे आतून तपासावीत. बंद खोलीत चार महिने ठेवलेल्या संगणकाच्या मागच्या छिद्रांत कुंभारमाशीने मातीची घरटी बांधून हवेची वाट पूर्ण बुजवल्याचे मी दोनदा पाहिले आहे. मागील बाजूस कार्डांसाठी असलेल्या रिकाम्या खाचांच्या पट्ट्या हरवल्या असतील तर त्या नव्याने बसवाव्यात. त्यातूनच पाली आत शिरतात, आणि पाल मदरबोर्डवर किंवा एसएमपीएसमध्ये चिकटली की उष्णतेचा प्रश्न मागे पडून शॉर्ट सर्किटचा उभा राहतो.

हीटसिंक पुन्हा बसवणे

हीटसिंक एकदा काढला की जुनी पेस्ट पुन्हा चालत नाही. ती आयसोप्रोपिल अल्कोहोलने व धागे न सुटणाऱ्या कापडाने दोन्ही पृष्ठभागांवरून पूर्ण पुसावी. घरात शिल्लक राहिलेले सॅनिटायझर यासाठी वापरू नये. हात कोरडे पडू नयेत म्हणून त्यात बहुधा ग्लिसरीन घातलेले असते आणि त्याचा थर मागे उरतो. नवी पेस्ट प्रोसेसरच्या मध्यभागी वाटाण्याच्या दाण्याएवढी ठेवावी आणि हीटसिंकच्या दाबानेच ती पसरू द्यावी. पेस्टचे काम दोन धातूंमधील सूक्ष्म खळगे भरण्याचे आहे. ती धातूपेक्षा कितीतरी कमी उष्णतावाहक असते, त्यामुळे जाड लेप दिल्यास फायद्याऐवजी तोटा होतो.

इंटेलच्या साध्या कूलरला चार काळ्या खुंट्या असतात, आणि माझ्या पाहण्यातील 'दोन सेकंदांत उडी मारणाऱ्या' संगणकांपैकी बहुतेकांत यांपैकी एखादी खुंटी निसटलेली होती. आंब्याच्या पेट्यांबरोबर टेम्पोतून कॅबिनेट आडवेतिडवे नेले तर असे सहज होते. खुंटी सोडवण्यासाठी तिच्या माथ्यावरील बाणाच्या दिशेने पाव वळसा देऊन वर ओढावी. बसवण्यापूर्वी चारही खुंट्या बाणाच्या उलट दिशेने फिरवून मूळ स्थितीत आणाव्यात, आणि समोरासमोरच्या कोपऱ्यांतील दोन-दोन अशा क्रमाने 'टक' असा आवाज येईपर्यंत सरळ खाली दाबाव्यात. शक्य असल्यास मदरबोर्डच्या मागून पाहावे. चारही खुंट्यांची टोके सारखीच बाहेर आलेली दिसली पाहिजेत. एक जरी आखूड दिसली तरी सगळे पुन्हा करावे लागते.

एएमडीच्या एएम४ सॉकेटच्या (प्रोसेसर बसवण्याच्या खोबणीच्या) संगणकात वेगळी काळजी घ्यावी लागते. तेथे पिना प्रोसेसरला असतात आणि वाळलेली पेस्ट हीटसिंकला इतकी घट्ट धरते की तो सरळ वर ओढल्यास प्रोसेसरही सॉकेटमधून उपटून येतो व पिना वाकतात. त्यामुळे आधी संगणक दहा मिनिटे चालवून पेस्ट ऊबदार करावी, वीज तोडावी आणि हीटसिंक डावीकडे-उजवीकडे हळुवार फिरवून सैल झाल्यावरच उचलावा. बसवून झाल्यावर पंख्याची वायर मदरबोर्डवर 'सीपीयू फॅन' असे छापलेल्या जागीच जोडली आहे ना, हे पाहायला विसरू नये. ती दुसरीकडे जोडली तर सुरू होताना पंख्याची त्रुटी दाखवणारा संदेश येतो किंवा पंखा कामाच्या प्रमाणात वेग घेत नाही.

पंखे आणि कॅबिनेटची जागा

पंखा फिरतो याचा अर्थ तो पुरेसा फिरतो असा नव्हे. बंद अवस्थेत पाते बोटाने ढकलावे. ते सहज चार-पाच फेरे मारून थांबले तर बेअरिंग ठीक आहे, अडखळत लगेच थांबले तर नवा पंखा घ्यावा. बाजारात लगेच जाणे शक्य नसेल तर मधल्या स्टिकरखाली शिलाई यंत्राच्या तेलाचा एक थेंब सोडून काही आठवडे काढता येतात. घरात मुबलक असले तरी खोबरेल तेल येथे घालू नये. ते सुमारे २४ अंशांखाली गोठते आणि कालांतराने चिकट होऊन बेअरिंगच धरून ठेवते.

कॅबिनेटमध्ये पुढून हवा आत यावी आणि मागून बाहेर जावी. पंख्याच्या चौकटीची ज्या बाजूला आडव्या पट्ट्या असतात त्या बाजूने हवा बाहेर पडते, एवढे लक्षात ठेवले की उलटा बसलेला पंखा ओळखता येतो. पुढचा आणि मागचा दोन्ही पंखे हवा बाहेर फेकत असलेली कॅबिनेटे मी उघडली आहेत, आणि ती विकणाऱ्या दुकानात पंख्यांची संख्या मोजून किंमत सांगितली गेली होती.

कॅबिनेट भिंतीपासून किमान एक वीत दूर असावे आणि टेबलाच्या बंद खणात कधीही नसावे, कारण तेथे तीच गरम हवा पुनःपुन्हा आत ओढली जाते. आंब्यांची अढी लावलेल्या खोलीतून संगणक हलवावा. पिकणारी फळे स्वतः उष्णता सोडतात आणि अढीची खोली बाहेरच्यापेक्षा उबदार असते, हे आपल्याला सांगायला नको. जमिनीवर ठेवलेले कॅबिनेट केरसुणीची धूळ थेट ओढते, म्हणून ते फूटभर उंच ठेवणे चांगले. आणि हौसेने विणलेले ते लोकरीचे आच्छादन संगणक चालू असताना काढून ठेवावे.

तापमान ठीक असूनही बंद पडत असेल तर

नोंदीच्या फाइलमध्ये प्रोसेसर ६०-६५ अंशांवर असतानाच संगणक बंद पडल्याचे दिसले, तर आधी ग्राफिक्स कार्डचे तापमान पाहावे. ८५ अंशांच्या आत असेल तर ते सोडून एसएमपीएसकडे वळावे. त्यालाही उष्णतेपासून संरक्षण असते. त्याचा पंखा थांबला किंवा जाळी बुजली की तो स्वतः बंद होतो आणि थंड होईपर्यंत, कधीकधी भिंतीवरचे बटण बंद करून काही वेळ थांबेपर्यंत, पुन्हा सुरू होत नाही. त्याच्या जाळीसमोर पातळ कागद धरून हवेचा झोत येतो का ते पाहावे. मल्टिमीटर वापरता येत असेल तर संगणक पूर्ण कामात असताना पिवळ्या वायरवरचा दाब मोजावा, तो ११.४ ते १२.६ व्होल्ट या मर्यादेत असला पाहिजे. सॉफ्टवेअर दाखवते त्या व्होल्टच्या आकड्यांवर विसंबू नये.

उन्हाळ्यातल्या संध्याकाळी गावातले पंखे आणि पंप एकदम सुरू झाले की वाडीच्या टोकाच्या घरांत वीजदाब बराच उतरतो. दाब उतरला की एसएमपीएस तितकेच काम करण्यासाठी अधिक विद्युतप्रवाह ओढतो आणि अधिक तापतो. बंद पडण्याची वेळ दुपारऐवजी नेमकी दिवेलागणीची असेल तर भिंतीवरचा दाब त्याच वेळी मोजून पाहावा. मदरबोर्डवरील कपॅसिटरांची डोकीही एकदा न्याहाळावीत. सपाट असण्याऐवजी ती फुगलेली किंवा त्यांतून तपकिरी द्रव आलेला असेल तर बोर्ड तज्ज्ञाकडेच द्यावा. कपॅसिटरचे आयुष्य दर दहा अंश वाढीला साधारण निम्मे होते, असा या क्षेत्रातील ठोकताळा आहे, त्यामुळे वर्षानुवर्षे तापत राहिलेल्या संगणकात हा दोष आश्चर्याचा नाही.

हंगाम निभावण्यापुरता उपाय

पेस्ट किंवा पंखा येईपर्यंत काम थांबवणे शक्य नसेल तर विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समधील प्रगत जुळणीत 'मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट' ९९ टक्के करावे. बहुतेक प्रोसेसरांत यामुळे टर्बो वेग, म्हणजे गरजेनुसार घेतलेला जादा वेग, बंद होतो. बिले आणि पत्रव्यवहार यांना फरक जाणवत नाही, पण तापमान बऱ्यापैकी उतरते. सोबत टास्क मॅनेजर उघडून कोणता प्रोग्रॅम विनाकारण प्रोसेसर अडवून बसला आहे तेही पाहावे. काहीच काम नसताना प्रोसेसर ८०-९० टक्के गुंतलेला दिसत असेल तर एखादा घातक प्रोग्रॅम शिरला असण्याची शक्यता असते, आणि मग आधी तो हुडकून काढावा लागतो.

पावसाळ्यापूर्वी

ही सगळी सफाई मेअखेर, मृगाच्या आधी उरकावी. पाऊस लागल्यावर धुतलेला हीटसिंक नीट वाळत नाही आणि बाहेर अंगणात ब्लोअर मारण्याची सोयही राहत नाही. पावसाळ्यात संगणक दिवसेंदिवस बंद ठेवण्यापेक्षा, वीज स्थिर असेल त्या दिवशी तासभर चालवणे चांगले; त्याच्या स्वतःच्या उबेने आतला ओलावा कमी होतो. विजा चमकत असतील तेव्हा मात्र प्लग आणि इंटरनेटची वायर दोन्ही काढून ठेवाव्यात. वातानुकूलित खोलीतला गार संगणक उचलून पडवीत आणला असेल तर तो लगेच सुरू करू नये. गार धातूवर दव धरते, म्हणून दोन-तीन तास थांबावे.

काम पूर्ण झाल्यावर सुरुवातीची चाचणी त्याच बेंचमार्कने पुन्हा घ्यावी, आणि तारीख, खोलीचे तापमान, रिकाम्या अवस्थेतील तापमान व पूर्ण कामातील तापमान असे चार आकडे एका कागदावर लिहून तो कॅबिनेटच्या बाजूच्या पाटीला आतून चिकटवावा. पुढच्या वर्षी खोली आणि प्रोसेसर यांच्यातील फरक या कागदावरच्या फरकापेक्षा आठ-दहा अंशांनी वाढलेला आढळला, तर संगणक बंद पडण्याची वाट न पाहता तो उघडावा.